सरासरी घरात राहतं कोण? घरखर्चाचे आकडे मांडणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
घरखर्चाची पाहणी करणारी सर्व सांख्यिकी कार्यालये,
आणि त्यांच्या आकड्यांवरून मदत, निवृत्तिवेतन, पोटगी, शिष्यवृत्ती ठरवणारे अधिकारी

विषय : घराचा किराणा खर्च माणशी भागून दाखवण्याबद्दल तक्रार

सप्रेम नमस्कार.

माझ्या आईला मिळणाऱ्या मदतीची रक्कम अलीकडे एका कार्यालयाने नव्याने ठरवली. निर्णयाच्या कागदावर हिशेब छापलेला होता आणि तो अगदी सुटसुटीत होता : सरासरी कुटुंबाचा अन्नावरचा आणि किराण्याचा खर्च, भागिले सरासरी कुटुंबातली माणसं. जे उत्तर आलं ते आईच्या नावापुढे लिहून मोकळे झाले. आई एकटी राहते. चार माणसांच्या घरातल्या एका माणसाच्या वाट्यात एकट्या माणसाचं भागत नाही, हे मी त्यांना लेखी कळवलं. उत्तर एका ओळीचं आलं : आकडे अधिकृत आहेत.

अधिकृत आकडे तुम्ही देता, म्हणून हे पत्र तुम्हाला. ते खुलं लिहिते आहे, कारण हा भागाकार फक्त आईपुरता झालेला नाही. घटस्फोटानंतर मुलाच्या खाण्यापिण्याचा खर्च ठरतो तेव्हा, विद्यार्थ्याला जेवणखर्च मंजूर होतो तेव्हा, विधवेचं निवृत्तिवेतन ठरतं तेव्हाही कुठेतरी हीच सरासरी आणि हाच भागाकार असतो. ज्यांच्या ताटाचा हिशेब होतो, त्यांना तो कसा होतो हे सहसा कुणी सांगत नाही.

मी संख्याशास्त्र शिकलेली नाही. पण किराणा, भाजी आणि दूध यांचा हिशेब मी लग्न झाल्यापासून लिहीत आले आहे आणि सगळ्या वह्या जपून ठेवल्या आहेत. सुरुवातीला घरात आम्ही दोघंच होतो. मग मुलं झाली, सासू-सासरे राहायला आले आणि सहा जणांचं घर झालं. पुढे माणसं एकेक करून कमी होत गेली. आता परत दोघं आहोत. म्हणजे तुम्ही वेगवेगळ्या घरांत जाऊन जे विचारता ते सगळे टप्पे माझ्या एकाच स्वयंपाकघराने पाहिले आहेत. अशा वह्या आणखीही पुष्कळ घरांत असतील. त्यांच्याकडे तुम्ही कधी बघितलं नाही, ही माझी तक्रार नाही. त्या वह्यांत दिसणारी गोष्ट तुमच्याच शास्त्राला शंभराहून जास्त वर्षांपासून ठाऊक असून ती तक्त्यात येत नाही, ही तक्रार आहे.

वहीतलं एक पान सांगते. थोरला मुलगा शिकायला बाहेर गेला त्या महिन्याचं. दुधाचा रकाना लगेच उतरला. धान्यही उतरलं, आणि ते एका माणसाच्या मानाने जास्तच उतरलं, कारण वाढत्या वयातला मुलगा होता तो. तेल थोडंसं कमी लागलं. मीठ, मसाले, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, काड्यापेट्या यांच्या रकान्यात मात्र काही म्हणजे काही हललं नाही. भाजीचा आकडाही तसाच राहिला. जुडी अर्धी मिळत नाही आणि उरलेली टिकत नाही. सगळ्याची बेरीज केली तर सहातला एक गेला, पण खर्चातला सहावा हिस्सा गेला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तर बेरीज जेमतेम हलली.

आता मुद्द्यांवर येते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार या भागाकाराची. घरातल्या प्रत्येक माणसाचा खर्च सारखा असतो आणि घर लहान-मोठं झालं तरी तो बदलत नाही, या दोन गोष्टी गृहीत धरल्याशिवाय 'दरडोई' किराणा काढताच येत नाही. दोन्ही खोट्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेचं कृषी खातं दर महिन्याला वेगवेगळ्या वयाच्या माणसांच्या अन्नखर्चाचे आकडे प्रसिद्ध करतं. ते आकडे चार माणसांच्या घरातल्या व्यक्तीचे असतात आणि तक्त्याच्या तळटीपेत स्पष्ट सूचना असते : माणूस एकटा राहत असेल तर त्यात २० टक्के वाढवा, दोघं असतील तर १० टक्के, तिघं असतील तर ५ टक्के, पाच किंवा सहा असतील तर ५ टक्के वजा करा, सात किंवा जास्त असतील तर १० टक्के. किती साधी गोष्ट आहे! एक तळटीप. चौघांच्या घरात माणशी १०० लागत असतील, तर त्याच वयाच्या, तसंच जेवणाऱ्या एकट्या माणसाला १२० लागतात. भागाकार करणारा त्याच्या हातावर १०० ठेवतो. म्हणजे गरजेचा सहावा हिस्सा कापला गेला, आणि तोही अशा माणसाचा, ज्याच्याकडे दुसऱ्याच्या वाट्यातलं उसनं घ्यायला घरात दुसरं कुणी नाही.

हे प्रमाण सगळ्या देशांना जसंच्या तसं लावा, असं मी म्हणत नाही. ज्याने त्याने आपलं काढावं. पण काहीच न काढणं म्हणजे सगळी घरं सारखी धरणं, आणि तेही एक प्रमाणच झालं. फक्त ते चुकीचं आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की आम्ही नुसता भागाकार करत नाही, मोजपट्टी लावतो, म्हणजे घरातल्या पहिल्या माणसाला पूर्ण एक आणि पुढच्यांना त्याहून कमी धरून घर मोजतो. बरोबर आहे. विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची जुनी मोजपट्टी पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.७ आणि मुलाला ०.५ धरते. युरोपात पुढे रूढ झालेली सुधारित पट्टी १, ०.५ आणि ०.३ धरते. तिसरा प्रकार म्हणजे माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. आई-वडील आणि दोन लहान मुलं असं घर घ्या. नुसत्या डोक्यांनी ते ४, जुन्या पट्टीने २.७, सुधारित पट्टीने २.१ आणि वर्गमूळाने २. घर तेच, मुलं तीच! आणि गंमत अशी की या पट्ट्या एकूण राहणीमानासाठी बनलेल्या आहेत. त्यात छप्पर येतं, दिवा येतो, दाराचं कुलूप येतं. छप्पर चौघांत वाटलं तरी कुणाच्या डोक्यावर कमी पडत नाही. घास वाटला की कमी पडतो. म्हणून किराण्याला वर्गमूळ लावणं हा मोठ्या घरावर अन्याय आणि सरळ भागाकार हा लहान घरावर. कृषी खात्याच्या त्या तळटीपेवरून हिशेब केला तर चौघांचं घर एकट्याच्या घराच्या सुमारे ३.३ पट अन्नखर्च करतं. ४ पट नाही आणि २ पटही नाही. किराण्याला किराण्याची पट्टी हवी.

दुसरी तक्रार वयाची. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवलं की घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. हा नियम तुमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. त्याच एंगेल यांनी पुढे आणखी एक काम केलं, त्याची आठवण मात्र कमी निघते. १८९५ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी बेल्जियमच्या कामगारांचा पूर्वीचा आणि तेव्हाचा खर्च ताडून पाहिला. त्यासाठी घरं मोजून चालणार नाही आणि डोकी मोजूनही नाही, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी 'केट' नावाचं एकक वापरलं. तान्हं मूल म्हणजे १ केट. दर वर्षाला त्यात ०.१ ची भर. बाई विसाव्या वर्षी ३ केटवर थांबते, पुरुष पंचविसाव्या वर्षी ३.५ वर. बाईला अर्धा केट कमी का, यावर मी त्यांच्याशी भांडले असते. पण घर म्हणजे वेगवेगळ्या वयांची माणसं, आणि ती वयं दर वर्षी बदलतात, एवढं त्यांनी हिशेबात घेतलं होतं. तेही लेखणी आणि कागदावर. तुमच्याकडे आज संगणक आहेत आणि पुष्कळ तक्त्यांत अजून 'कुटुंब' असा एकच रकाना असतो.

ज्या कृषी खात्याचं मी वर कौतुक केलं त्याचंही संदर्भ-कुटुंब, म्हणजे हिशेबासाठी धरलेलं नमुन्याचं घर, बघा : एक पुरुष, एक स्त्री, एक मूल ६ ते ८ वर्षांचं, दुसरं ९ ते ११ वर्षांचं. दर महिन्याला नवा तक्ता येतो आणि त्यातली ती मुलं कधी चौदा वर्षांची होतच नाहीत. खऱ्या घरात ती होतात. ज्यांनी घरात एकाच वेळी दोन वाढती मुलं पोसली आहेत, त्यांना विचारा की माणसं चारच असताना धान्याचा डबा निम्म्या महिन्यात कसा रिकामा होतो.

तिसरी तक्रार काळाची. हीच मला सर्वांत जास्त खटकते, कारण इथे आकडा नुसता अपुरा न राहता उलटं सांगायला लागतो.

एक सोपं उदाहरण घेते, आकडे मी धरलेले आहेत. चार-चार माणसांची दहा घरं. माणशी खर्च १००, म्हणजे घराचा ४००, सगळ्यांचा मिळून ४,०००. काही वर्षांनी ही घरं विभागली आणि दोघादोघांची वीस घरं झाली. भाव तेच, खाणं तेच. वरच्या तळटीपेप्रमाणे माणशी खर्च आता ११०. एका घराचा २२०, सगळ्यांचा मिळून ४,४००. आता तुमची पाहणी काय म्हणेल? 'कुटुंबाचा सरासरी किराणा खर्च ४५ टक्क्यांनी घटला.' दुसऱ्या पानावर : 'दरडोई खर्च १० टक्क्यांनी वाढला.' दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला वाचून कुणी म्हणेल लोक काटकसर करायला लागले, दुसरा वाचून कुणी म्हणेल लोक चैन करायला लागले. प्रत्यक्षात चाळीस माणसं होती तशीच जेवत आहेत, फक्त वेगळ्या चुलींवर. त्या चुलींचा जास्तीचा खर्च कुणाच्याच बातमीत येत नाही. जगात बहुतेक ठिकाणी घरं लहान होत चालली आहेत. फिनलंडसारख्या देशात चाळीस टक्क्यांहून जास्त घरं एकट्या माणसाची आहेत. तेव्हा हे उदाहरण हवेतलं नाही.

त्यात भाववाढ मिसळली की सगळाच गोंधळ. माझ्या वहीत सहा जणांच्या काळातली महिन्याची बेरीज आजच्या आम्हा दोघांच्या बेरजेपेक्षा लहान आहे. म्हणून आम्ही दोघं तेव्हाच्या सहा जणांपेक्षा जास्त खातो, असं कुणी म्हणणार नाही. पण 'किराण्यावरचा खर्च इतक्या पटीने वाढला' असं छापताना तुम्ही जवळपास तेच म्हणता. भाव वाढले म्हणून किती, माणसं कमी-जास्त झाली म्हणून किती, माल बदलला म्हणून किती, हे सुटं करून दाखवल्याशिवाय त्या 'पटी'ला अर्थ नाही. शिवाय बहुतेक पाहण्यांत दर वेळी घरं नवी असतात. पाच वर्षांपूर्वीचं आणि आजचं अशी तुलना तुम्ही करता तेव्हा तेच घर पाच वर्षांनी मोठं झालेलं तुम्ही पाहिलेलंच नसतं.

चौथी तक्रार विचारण्याच्या पद्धतीची. पुष्कळ पाहण्यांत तुमचा माणूस दारात येतो, घरातल्या एकाला बसवतो आणि गेल्या काही दिवसांत काय काय आणलं ते विचारतो. एकट्या माणसाला आपला सगळा बाजार आठवतो. सहा जणांच्या घरात एकाने येता येता दूध आणलेलं असतं, दुसऱ्याने फळं, मुलांनी मधल्या वेळचं खाणं परस्पर खाल्लेलं असतं. उत्तर देणारीला त्यातलं निम्मंच ठाऊक. याचा परिणाम किती मोठा असू शकतो, याचा वाद तुमच्याच क्षेत्रात झालेला आहे. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की माणशी एकूण खर्च सारखा असलेल्या घरांत, घर मोठं होत जातं तसा माणशी अन्नखर्च कमी दिसतो, आणि हे गरीब देशांतही, किंबहुना तिथे जास्तच. तर्क उलटा सांगतो : छप्पर वाटून घेतल्याने वाचलेला पैसा गरीब घरात ताटातच यायला हवा. या कोड्यावर पुढे बरंच लिहिलं गेलं, आणि त्यातलं एक उत्तर असं की मोठ्या घरांचा खर्च आठवणीवर नोंदवताना जास्त गळतो. हे जर थोडंही खरं असेल, तर मोठ्या घराला कमी लागतं असं तुम्ही म्हणता तेव्हा त्यातला काही भाग काटकसरीचा असेल आणि काही निव्वळ विसरण्याचा. मोठ्या घराची मदत मात्र पूर्ण आकड्याने कापली जाते.

पाचवी गोष्ट थोडक्यात. दुकानातून एका पिशवीत येतं त्याला आम्ही किराणा म्हणतो. तुमच्या वर्गीकरणात अन्न एका विभागात, भांड्यांचा साबण घरसामानाच्या विभागात, अंगाचा साबण आणखी तिसऱ्याच विभागात. नेमका जो खर्च माणसं कमी झाली तरी कमी होत नाही, तो 'अन्न' या शीर्षकाखाली दिसतच नाही. आणि लहान पुडा वजनाच्या मानाने बहुधा महाग पडतो, हे दुकानाच्या फळीवर मापामागचा भाव वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. युरोपीय संघाने तर तो भाव लिहिणं १९९८ च्या निर्देशाने बंधनकारक केलं. एकटा माणूस लहानच पुडा घेणार. मोठा घेतला तर अर्धा खराब होणार. त्याची महागाई आणि मोठ्या घराची महागाई एकाच निर्देशांकात कशी मावते?

माझ्या मागण्या अशा :

१. किराणा आणि अन्नखर्चाचा प्रत्येक आकडा घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे छापा : एक, दोन, तीन, चार, पाच-सहा, सात आणि जास्त. त्यासाठी नवी पाहणी लागत नाही. घरात किती माणसं आहेत हे तुम्ही पहिल्या पानावरच विचारता. सरासरीसोबत मध्यकही, म्हणजे घरं खर्चाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या घराचा आकडाही, द्या.

२. त्यातही लहान मुलांची घरं, वाढत्या मुलांची घरं आणि वृद्धांची घरं वेगळी दाखवा. एखाद्या गटात नमुना अपुरा असेल तर तो रकाना मोकळा ठेवा आणि तसं लिहा. मोकळा रकाना मला चालेल.

३. दरडोई आकडा छापायचाच असेल तर त्याच्या शेजारी, त्याच टायपात लिहा की हा आकडा एकट्या राहणाऱ्या माणसाला किंवा मोठ्या कुटुंबाला लावू नये.

४. अन्न आणि किराण्यासाठी वेगळी मोजपट्टी काढा आणि ती कशी काढली ते सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत प्रसिद्ध करा. नेहमीच्या किराण्यातल्या साबण-सफाईच्या वस्तू त्यात धरा.

५. काळाची तुलना करताना भाव, घराचा आकार आणि मालातला बदल यांचा वाटा सुटा दाखवा. तीच घरं वर्षानुवर्षं पाहणं परवडत नसेल, तर निदान एकाच काळात जन्मलेल्या कर्त्या माणसांच्या घरांचा गट करून त्याचा माग ठेवा. ही रीत डीटन यांनी १९८५ मध्येच मांडून ठेवली आहे.

६. मोठ्या घरांत एकाला विचारून थांबू नका. जो जो खरेदी करतो त्याच्याकडे नोंदवही द्या.

निर्णय करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे एकच मागणी आहे. ज्या कागदावर तुम्ही कुणाच्या जेवणाची रक्कम लिहिता, त्यावर ती किती माणसांच्या घराच्या आकड्यावरून आणि कोणत्या पट्टीने काढली, हे लिहा. म्हणजे निदान आक्षेप कशावर घ्यायचा ते आम्हाला कळेल.

पहिली मागणी तर तुमच्याकडे असलेल्याच माहितीतून पुरी होते. असा तक्ता तयार असेल तर तो कुठे मिळेल ते कळवावं. नसेल तर कधी होईल, आणि करायचा नसेल तर का नाही, हे लेखी कळवावं. आलेलं उत्तर मी हे पत्र जिथे छापलं आहे तिथेच जसंच्या तसं छापेन.

आपली,
घरखर्चाची वही लिहिणारी एक गृहिणी